बर्फ आटला त्या जागी

या सदरातले अनुभव मी न चुकता वाचतो, आणि खरं सांगायचं तर वाचून हसतो. पांढरी साडी, उलटी पावलं, घाटात गाडीला हात करणारी बाई... बायको विचारते, एवढं हसू येतं तर वाचतोस कशाला? मी म्हणतो, टाइमपास. तर आज तुमच्यापैकी कुणी मला हसलं तर माझी काही तक्रार नाही. फिट्टंफाट झाली म्हणेन.

आमच्या घरात देव नाही, नवस नाही, अंगारा नाही. आजोबांच्या पिढीतच आम्ही बौद्ध झालो आणि तेव्हा घरातून जे बाहेर गेलं ते परत आत आलं नाही. भूतखेत तर लांबच राहिलं. बाबा औशाला तहसीलमध्ये क्लार्क होते. कुणाच्या अंगात आलं असं ऐकलं की विचारायचे, "त्याला सकाळपासून कुणी जेवायला घातलं का?" आई अंगणवाडी सेविका म्हणून रिटायर झाली. मी नांदेडला ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवतो. इतकी वर्षं हिमनदीचा धडा फळ्यावर आकृती काढून शिकवत आलो — वर डोंगर, मधून लांबलचक जीभ, बाणानं दाखवलेलं हिममुख, म्हणजे त्या जिभेचं टोक. उन्हाळ्यात आठ-आठ दिवस नळ न येणाऱ्या गावची पोरं ती आकृती वहीत उतरवून घेतात. सर, तुम्ही बघितली का? असं दरवर्षी एखादा विचारतोच. मी खडू ठेवून पुढच्या मुद्द्याकडे वळायचो.

बघितली होती ती बाबांनी. कॉलेजात असताना कुठल्याशा ट्रेकिंग कॅम्पला नंबर लागला आणि हा लातूरचा मुलगा थेट गंगोत्रीच्या पुढं गोमुखापर्यंत जाऊन आला. त्याचा एक फोटो आमच्या घरी आहे. ब्लॅक अँड व्हाइट. बाबा बर्फाच्या उभ्या भिंतीला उजव्या हाताचा पंजा टेकवून उभे आहेत. तोंड माकडटोपीत, त्यामुळं ओळखू येतो तो फक्त हात. लग्न जमवताना मुलाचा म्हणून हाच फोटो आईच्या घरी पाठवला होता, कारण दुसरा नव्हताच. आई आम्हाला सांगायची, मी नवरा बघितलाच न्हाई, हात बघून हो म्हणले.

त्या फोटोची गोष्ट बाबा येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे. मित्राच्या कॅमेऱ्याची कळ अडकली. हलू नको, हलू नको करत तो खटपट करत राहिला आणि बाबा पंजा टेकवून तसेच उभे. फोटो निघाल्यावर हात काढून बघतात तर बर्फाला पंजाएवढा खळगा पडलेला! "आन् हात कसा? गरम," असं म्हणून बाबा आपला पंजा पाहुण्याच्या हातावर ठेवायचे. "बर्फाला घाम फुटला, मला न्हाई." पाहुणे हसायचे. आम्ही भावंडं कोपऱ्यात बसून पुढचं वाक्य आधीच पुटपुटायचो.

बाबा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. नांदेडला माझ्याकडं आले असताना छातीत दुखू लागलं, तसंच दवाखान्यात नेलं. आयसीयूत आईला लांबूनच बघायला मिळायचं. हात हातात घेता आला तो सगळं संपल्यावर. उजवा हात. तो गार पडला होता.

आणि इथून आईचा उजवा हात गार राहू लागला. म्हणण्यापुरता नाही, मी स्वतः धरून बघितलाय — डावा हात आपल्यासारखा, उजवा मात्र माठातून काढल्यासारखा. नांदेडला दाखवलं, लातूरला दाखवलं. साखर नॉर्मल, नसा नॉर्मल, रक्त नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, मनाचा ताण आहे, वेळ द्या. आई चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसायची. एप्रिलच्या उन्हात, लातूरच्या त्या उन्हात, गच्चीवर हात पालथा ठेवून बसायची. माझी मुलगी जवळ आली की हात पदराखाली घ्यायची. पोरीला गार लागंल, म्हणायची. डोळे मिटले की दवाखान्यातला तो हातच येतो समोर, बाकी काहीच येत नाही, असं तिनं माझ्या बायकोला, सुजाताला एकदा सांगितलं होतं. चाळीस वर्षांचा संसार, आणि आठवायला उरला तो एक गार हात. मला ते फार लागलं, पण त्यावर करायचं काय ते कळत नव्हतं.

मग एक दिवस फोनवर म्हणाली, "मला त्या बर्फाकडं घेऊन चल."

माझ्यातला सर लगेच जागा झाला. गुडघे सांगितले, उंची सांगितली, विरळ हवा सांगितली. आणि मुख्य म्हणजे, आई, तो बर्फ आता तिथं नाहीच. हिमनदी मागं हटलीय, फोटोतली भिंत केव्हाच गेली.

"आटला म्हन की."

"हो. आटला."

"मंग जागा तर हाय ना? जागा कुठं जाती?"

तरी मी वाद घातला. हात असा असताना बर्फाकडं कशाला जायचं, हे काही मला पटेना. ती म्हणाली, "मिलिंद, एवढ्या बर्फाला लावून त्यांचा हात गार पडला न्हाई. आन् दवाखान्यात एसीच्या हवेनं पडला? मला ती जागा बघू दे एकदा."

गेल्या वर्षी मेच्या सुट्टीत आम्ही दोघंच निघालो. सुजाताला मुलीच्या क्लासमुळं येता आलं नाही. नांदेडहून रेल्वेनं दिल्ली, तिथून हरिद्वार, मग उत्तरकाशी आणि गंगोत्री. परवाने, डॉक्टरचं सर्टिफिकेट सगळं सोबत. घाटातली वळणं बघून मी डोळे मिटून घेत होतो आणि आई शेजारच्या बाईला लातूरच्या डाळीचे प्रकार समजावून सांगत होती. गंगोत्रीहून भोजबासापर्यंत तिच्यासाठी खेचर केलं. खेचरवाला बलबीर म्हणून चाळिशीचा गडी होता, आणि पुढं पायी आम्हाला सोबत करायचंही त्यानं कबूल केलं. त्याच्याशी आईचं आमच्याकडचं दखनी हिंदी सुरू झालं — "भैय्या, कायकू इत्ती घाई कर्रे? जनावर थक्या ना." बलबीरला अर्धं कळत असेल नसेल, पण दुपारपर्यंत तो तिला माताजी म्हणू लागला होता.

भोजबासाला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर आल्यावर पायी निघालो. वाट सपाटीची पण दगडगोट्यांची. आई दहा पावलं चालायची, थांबायची, पुन्हा चालायची. वाटेत काही खडकांवर जुनी सालं रंगवलेली दिसतात — त्या साली हिमनदी इथपर्यंत होती म्हणून. पुस्तकात मी ते शिकवलं होतं. पण समोर नुसता खडक, त्यावर रंगानं लिहिलेलं साल आणि आजूबाजूला कोरडी खडी, हे बघताना मला आपल्याकडच्या कोरड्या विहिरीच आठवत राहिल्या. इथवर पाणी असायचं, असं दाखवणारी एक पिढी असते. पुढच्या पिढीला ते खोटं वाटतं.

फोटोतली जागा मी शोधली ती मास्तरकीच्या सवयीनं. फोटोत बाबांच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत चिरलेला एक मोठा खडक आहे आणि मागं शिखराचं टोक. तो खडक सापडला. शिखराचं टोक फोटोत होतं तिथं येईपर्यंत मी मागंपुढं सरकत राहिलो, आणि एका ठिकाणी सगळं जुळलं. जागा हीच. फक्त भिंत नव्हती. जिथं बर्फ होता तिथं ऊन पडलं होतं, खडी होती, आणि खालून नदीचा आवाज येत होता.

"मंग आता बर्फ कुठं हाय?" आईनं विचारलं. मी वर बोट दाखवलं. दरीच्या तोंडाशी मळकट करड्या रंगाची एक कड दिसत होती. तिकडं दगड सुटतात म्हणून जवळ जाऊ देत नाहीत, आणि आईला ते झेपलंही नसतं.

"तो व्हय? मी मुरमाचा ढीग समजले," ती म्हणाली आणि एका दगडावर बसली.

तिचा चेहरा बघवेना. मी बोलू लागलो — बर्फ कसा दबतो, कसा सरकतो, वरून भर कमी आणि खालून वितळणं जास्त झालं की हिममुख कसं मागं जातं. घाबरलो की मी शिकवू लागतो. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग उठली आणि फोटो माझ्या हातात दिला. तू तिथून बघ आन् मला नीट उभं कर, म्हणाली. मी फोटो धरून सांगत गेलो — थोडी डावीकडं, अजून एक पाऊल पुढं, बस. बाबा उभे होते तिथं आई उभी राहिली. उजव्या हातातला मोजा काढून तिनं कमरेला खोचला. मग हात डोक्याच्या वर नेला, पंजा समोर केला आणि हवेतून हळूहळू खाली आणू लागली.

ती काय करत होती ते बलबीरला कळणं शक्य नव्हतं. मला पाहताक्षणी कळलं. आमच्याकडं दारात पाण्याची टिपाडं असतात, पत्र्याची. नळ पुन्हा केव्हा येईल ते ठाऊक नसतं, म्हणून आत किती उरलंय ते सारखं बघावं लागतं. पण त्यासाठी कुणी झाकण उघडत नाही. बाहेरून पंजा वरून खाली फिरवतात. पत्रा जिथं गार लागायला लागतो तिथवर पाणी. लातूरच्या कुठल्याही घरातलं लेकरू हे करतं. आई तेच करत होती, फक्त समोर टिपाड नव्हतं. काहीच नव्हतं. लातूरच्या बाईनं हिमालयात येऊन करावा असा तो वेडेपणा होता आणि मला वाईटही वाटलं, हसूही आलं.

कपाळाच्या उंचीला तिचा हात थांबला. "हितवर हाय," ती म्हणाली.

मी जवळ गेलो. तिचं मन राखायचं म्हणून हात वर केला आणि खाली आणला. वर साधी हवा, उन्हानं कोमट झालेली. तिच्या कपाळाच्या उंचीला आलो आणि पंजा गार पडला. हळूहळू नव्हे, एकदम. वर नेला, कोमट. खाली आणला, गार. फ्रीजच्या उघड्या दाराशी उभं राहावं तसं समोरून गारठा येत होता. वारा म्हणावा तर फोटोचा कोपरासुद्धा हलत नव्हता.

मी म्हणालो, "आई, थंड हवा जड असते. वरच्या बर्फावरून खाली वाहत येते, ती..."

"आटलेल्या आडात उतरलं तरी गार लागतंच की," ती म्हणाली. "तुझं शिकवून झालं का?"

तिनं पंजा त्या गारठ्यावरून आडवा सरकवायला सुरुवात केली, भिंत चाचपडावी तसा. सरकवत सरकवत एका ठिकाणी तो थांबला. तिच्या तोंडासमोर, म्हणजे उंच माणसाच्या छातीशी. बाबा उंच होते. तिथून तिनं हात हलवला नाही. बऱ्याच वेळानं तिनं माझं मनगट धरलं आणि माझा पंजा त्या जागी नेऊन ठेवला.

तिथं गरम होतं.

हे लिहितानासुद्धा मला माझाच राग येतोय, पण जे झालं ते असं झालं. खुर्चीवरून कुणी नुकतंच उठून गेल्यावर तिथं बसलं की जशी ऊब लागते, तशी. पंजाएवढीच जागा. बोट जरा बाहेर नेलं की पुन्हा गारठा. मी दोनदा बघितलं, तीनदा बघितलं, डोळे मिटून बघितलं. शेजारचा खडक तापून तिकडून ऊब येत असेल म्हणून खडकाला हात लावला, तर त्याची ती बाजू सावलीत होती आणि थंडगार होती. बलबीरला बोलावलं. त्यानंही बिचाऱ्यानं हात वर केला, इकडंतिकडं फिरवला आणि म्हणाला, "कुछ नहीं है माताजी. धूप है."

"होगा भैय्या," आई म्हणाली आणि तिनं आपला पंजा परत तिथं ठेवला.

मग ती तशीच उभी राहिली. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही. घड्याळ बघायचं भानच राहिलं नाही. वाटेनं जाणाऱ्या यात्रेकरूंपैकी एका बाईला वाटलं की ही कुणी साध्वी आशीर्वाद देतेय. ती लांबूनच हात जोडून पुढं गेली. एरवी आईनं तिला थांबवून समजावलं असतं की बाई, आम्ही त्यातले नव्हं. त्या वेळी तिचं लक्षच नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र शांत होता. मीही रडलो. बाबा गेले तेव्हा सगळी धावपळ माझ्याच अंगावर होती, रडायचं राहून गेलं होतं.

शेवटी तिनं आपण होऊनच हात खाली घेतला. मी घाईघाईनं तिथं पंजा धरला. काहीच नव्हतं. ऊब नाही, आणि तो गारठाही नाही. वरपासून खालपर्यंत सगळीकडं सारखीच हवा. हात फिरवून फिरवून खांदा दुखला, तेव्हा बलबीर म्हणाला, साहेब, दुपारचा वारा सुटायच्या आत खाली गेलं पाहिजे.

उतरताना एका अवघड दगडापाशी आईनं आधारासाठी माझा हात धरला. उजव्या हातानं. तो हात आपल्यासारखा होता, गरम. मी तिच्याकडं बघितलं. ती पायांखालचे दगड बघत चालली होती. त्यानंतर आजतागायत तो हात गार पडलेला नाही.

परत आल्यावर आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांना हे सांगितलं. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी एकेक मुद्दा घेतला — उंचीवर प्राणवायू कमी, दमलेलं शरीर, दोघांचंही दुःख ताजं, आणि आईनं आधी सांगितलं म्हणून मलाही तसंच जाणवलं. हात बरा झाला तोही मनामुळंच, कारण बिघडला होता तोही मनामुळं. मला सगळं पटतं. कुणी दुसऱ्यानं हा किस्सा सांगितला असता तर मी हेच बोललो असतो. पण त्या उबेला कड होती, आणि ती कड माझ्या बोटांना लागली होती. त्याचं काय करायचं ते त्यांनाही सांगता आलं नाही आणि मलाही अजून उमगलेलं नाही.

धडा यंदाही शिकवला. हिममुख पूर्वी कुठं होतं ते दाखवायला फळ्यावर ठिपक्यांची रेघ काढतात. ती काढताना माझा हात थबकला. त्या रेघेच्या आतली जागा रिकामी असते असं मी इतकी वर्षं बिनधास्त सांगत आलो होतो. हिमनदी दरवर्षी थोडी मागं जातेय, पुढंही जाईल. तिला कितीजणांनी हात लावला असेल, आणि ते सगळं आता कुठं असेल, हा प्रश्न माझ्या विषयात बसत नाही. पोरांना मी तो विचारला नाही, पण माझ्या डोक्यातून तो जात नाही.

मागच्या महिन्यात लातूरला आत्या आल्या होत्या, बाबांची धाकटी बहीण. बाबा गेले तेव्हा त्या पुण्यात आजारी होत्या, पोचू शकल्या नव्हत्या. म्हणून भेटल्या की तेच विचारतात आणि आई तेच सांगते — भेट झाली, पण हात गार पडला होता. मग दोघी रडतात. या वेळी मी चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा आत्यांनी विचारलंच, "वैनी, शेवटी दादाचा हात तरी धरायला मिळाला का गं तुला?"

मी ट्रे धरून तिथंच थांबलो. आईनं माझ्याकडं एकदा बघितलं, मग आत्यांचा हात आपल्या उजव्या हातात घेतला.

"मिळाला की," ती म्हणाली. "चांगला गरम होता."